रूकी क्वार्टरबॅक, नवे रिसिव्हर आणि ऑगस्टमध्येच ठरलेला आकडा

शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या फॅन लोकांचं दुखणं एका ओळीत सांगता येतं. १९२० पासून चालू असलेल्या या टीमच्या एकाही क्वार्टरबॅकने आजवर एका सीझनमध्ये ४,००० यार्ड पासिंग (म्हणजे फेकलेल्या बॉलने टीमला पुढे नेलेलं अंतर) केलेलं नाही, एनएफएल या लीगमधल्या बाकी सगळ्या टीम्सच्या कुणी ना कुणी केलंय. अशा टीमकडे एप्रिल २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, पहिला नंबर पण आला आणि नववा पण. पहिल्यावर उचलला यूएससी कॉलेजचा केलेब विल्यम्स, हाइजमन ट्रॉफी (कॉलेजमधल्या सगळ्यात भारी खेळाडूचं बक्षीस) जिंकलेला क्वार्टरबॅक, आणि नवव्यावर वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा रिसिव्हर रोम ओडुन्झे. डीजे मूर आणि कीनन ॲलन हे दोन मुरलेले रिसिव्हर होतेच. मग काय, ऑगस्टमध्ये एकही खरी मॅच झालेली नसताना प्लेऑफच्या गप्पा सुरू, आणि शिकागोच्या आसपासच्या उपनगरांत राहणारी आपली मराठी मंडळी, ज्यांना एरवी रविवारी फक्त क्रिकेटच्या स्कोअरशी मतलब, ती पण "या वर्षी बघाच" म्हणायला लागली.

सीझन संपला तेव्हा ५ जिंकलेल्या, १२ हरलेल्या.

आता "पोरगा फेल गेला" किंवा "कोच नालायक" यातलं एक काहीतरी म्हणून विषय संपवता येतो, आणि कोच खरंच गेला सुद्धा, पण मला यात जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते वेगळंच. फॅनच्या डोक्यातला "इतक्या मॅचेस जिंकणार" हा आकडा येतो कुठून, आणि तो चुकला की मेंदूत काय होतं. कारण त्या १७ मॅचेस जितक्या मैदानात खेळल्या गेल्या तितक्याच त्या आकड्याविरुद्ध पण खेळल्या गेल्या.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल हातात घेऊन फेकायचं की पळणाऱ्याला द्यायचा हे ठरवणारा माणूस, रिसिव्हर म्हणजे ठरलेल्या वाटेने पळत जाऊन तो बॉल झेलणारा, त्या वाटेला राउट म्हणतात. फेकायच्या आधीच समोरच्यांनी क्वार्टरबॅकला पाडलं तर तो सॅक, आणि फेकलेला बॉल समोरच्याने झेलला तर इंटरसेप्शन. रूकी म्हणजे लीगमधलं पहिलंच वर्ष असलेला. बस, एवढं पुरे.

तर मेंदू. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग या विषयात फार गाजलेले आहेत. माकडाला आधी एक सिग्नल दाखवायचा आणि मग रसाचे थेंब द्यायचे. सुरुवातीला रस मिळाला की डोपामीनच्या पेशी चेतायच्या, पण काही दिवसांनी माकड शिकलं की सिग्नल म्हणजे रस येणार, मग त्या पेशी सिग्नललाच चेतायला लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म. आणि सिग्नल दाखवून रस दिलाच नाही तर ज्या क्षणी तो यायला हवा होता बरोबर त्या क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षा गप्प व्हायच्या. म्हणजे मेंदू मोजतो ते "किती मिळालं" हे नाही, "जितकं वाटलं होतं त्यापेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं" हे. शुल्ट्झ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर लिहिलेला पेपर आजही सगळे वापरतात. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रॉब रटलेज आणि मंडळींनी हेच माणसांवर तपासलं, मोबाईल ॲपवर १८,४२० लोकांना छोट्या पैजा खेळायला लावल्या आणि मधूनमधून विचारलं, आत्ता किती खूश आहात? तर उत्तर एकूण कमाईवर फारसं ठरत नव्हतं, अपेक्षेपेक्षा बरं झालं की वाईट यावर ठरत होतं.

ड्राफ्टची रात्र म्हणजे फॅनला दाखवलेला सिग्नल. डोपामीनची सगळी दिवाळी एप्रिलमध्येच होऊन जाते आणि सप्टेंबरपासून उरते फक्त वसुली.

हे नुसतं गमतीचं पण नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एनएफएल मॅचेस आणि पोलिसांकडे नोंदलेला घरगुती हिंसाचार यांची सांगड घालून पाहिली. घरची टीम जिंकणार असं सट्टाबाजार म्हणत होता आणि ती हरली, की पुरुषांनी घरात बायकोवर किंवा गर्लफ्रेंडवर हात उचलण्याचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हरणारच असं आधीच माहीत होतं तेव्हा हरल्याचा परिणाम जवळजवळ शून्य. आणि अनपेक्षित जिंकलं तर? हिंसाचार तेवढा कमी झालाय असंही दिसलं नाही. हार तीच, स्कोअर तोच, फरक फक्त आधी काय वाटलं होतं त्याचा. मला हा अभ्यास वाचून झाल्यावर "अरे फॅन लोकांचं काय मनावर घ्यायचं" हे वाक्य पुन्हा म्हणवलं नाही.

बरं, मग आकडा इतका वर जातो कसा? एक कारण अगदी साधं, आपल्याला जे शेवटचं ठळक आठवतं त्यावरून आपण अंदाज बांधतो. २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना ठळक आठवत होता ह्यूस्टनचा सीजे स्ट्राउड. ह्यूस्टनची टीम टेक्सन्स २०२२ मध्ये ३-१३-१ (३ जिंकल्या, १३ हरल्या, १ बरोबरी), मग स्ट्राउड आला, रूकी असून ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे पोचला की ते) आणि इंटरसेप्शन फक्त ५, टीम १०-७. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याही आधी, पहिल्या नंबरवर गेलेल्या ब्राइस यंगची कॅरोलायना पँथर्स २-१५ झाली होती, पण ते कोण आठवणार. (गंमत म्हणजे तो पहिला नंबर मुळात बेअर्सचाच होता, त्यांनी तो कॅरोलायनाला विकला, बदल्यात डीजे मूर आणि पुढच्या वर्षीचा कॅरोलायनाचा नंबर घेतला आणि तोच पुढे विल्यम्स झाला.) थोडं मागे गेलं तर चित्र अजूनच वेगळं. पेटन मॅनिंग, १९९८, टीम ३-१३ आणि २८ इंटरसेप्शन, रूकीचा तो रेकॉर्ड अजून तुटलेला नाही. ट्रॉय एकमन, १९८९, सुरुवातीपासून खेळलेल्या ११ मॅचेस, अकराही हरल्या. हे दोघं नंतर सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणारे दिग्गज झाले. आणि सुपर बोलमध्ये रूकी क्वार्टरबॅकने सुरुवात केलीय असं आजवर एकदाही घडलेलं नाही.

दुसरं कारण म्हणजे नंबरवरचा विश्वास. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, तेच २०१७ चे नोबेलवाले) यांनी ड्राफ्टचा हिशोब मांडला तेव्हा असं निघालं की एकाच पोझिशनचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा चांगला निघण्याची शक्यता साधारण ५२ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम वर! हे कोट्यवधी डॉलर आणि डझनभर स्काउट असलेल्या टीम्सचं, मग आपण तर सोफ्यावर बसून यूट्यूबचे हायलाईट बघणारे, आणि हायलाईटमध्ये फसलेला थ्रो कधी असतच नाही.

आता खरा मुद्दा, जो मला सगळ्यात आवडतो, की एक साधा पास नेमका किती अवघड असतो. क्वार्टरबॅकच्या हातून बॉल साधारण ताशी ८०-९० किलोमीटरने सुटतो. समजा बॉलला हवेत २५ मीटर जायचंय, म्हणजे एक सेकंद लागला. त्या एका सेकंदात जोरात पळणारा रिसिव्हर ८ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे माणूस दिसतोय तिथे बॉल फेकून काही उपयोग नाही, तो जिथे असणार आहे तिथे फेकायचा, आणि बऱ्याचदा त्याने वळण घ्यायच्या आधीच फेकायचा, कारण वळलेला दिसेपर्यंत थांबलं तर डोळ्याने बघून हात हलायलाच ०.२ सेकंद जातात, वर हात मागे नेऊन बॉल सुटेपर्यंतचा वेळ, आणि तेवढ्यात समोरचा डिफेंडर पण वळलेला असतो. हे सगळं करायला हातात असतात अडीच-तीन सेकंद आणि अंगावर धावून येत असतात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं.

म्हणजे पास ही दोन मेंदूंनी एकाच वेळी केलेली भविष्यवाणी आहे. क्वार्टरबॅकने ठरवायचं की रिसिव्हर बारा यार्डांवर आत वळेल, रिसिव्हरने ओळखायचं की डिफेन्स असा उभा आहे म्हणजे क्वार्टरबॅकला मी तिथेच वळायला हवा आहे. बऱ्याच राउटमध्ये समोरचं कव्हरेज (डिफेंडर कुणाला कसं अडवणार ती रचना) बघून पळता पळता वाट बदलायची मुभा असते, आणि दोघांनी तेच कव्हरेज वेगवेगळं वाचलं तर बॉल जातो जिथे कुणीच नाही तिथे. टीव्हीवर दिसतं "काय फालतू फेकला". फेकलेला बरोबर असतो, झेलणारा पण बरोबर असतो, फक्त दोघांची उत्तरं जुळलेली नसतात. मग ही जुळणी दोघंही नवीन असतील तर किती वेळा चुकेल?

ओळखण्याची ही हातोटी येते कशी याचं उत्तर बुद्धिबळात सापडलं. हर्बर्ट सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७३ मध्ये दाखवलं की खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर मास्टर खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी परत मांडतो, पण त्याच सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की तो नवशिक्याच्याच पंगतीत येतो. म्हणजे स्मरणशक्ती अफाट नव्हे, ओळखीचे तुकडे डोक्यात साठवलेले. कॉलेज फुटबॉलमध्ये साठवलेले तुकडे एनएफएलमध्ये निम्मेअधिक निरुपयोगी ठरतात कारण इथले डिफेन्स एक रचना दाखवतात आणि बॉल निघाल्यावर दुसऱ्या रचनेत सरकतात, मग नवीन पोरगा बॉल हातात धरून बसतो. विल्यम्सला त्या वर्षी ६८ वेळा सॅक केलं, लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये याहून जास्त मार फक्त दोघांनी खाल्लाय. त्यात लाईनचा, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्यांचा, दोष होताच. पण याच पोराने सलग ३५३ पास इंटरसेप्शनशिवाय फेकून रूकीचा रेकॉर्ड केला, सीझनभरात इंटरसेप्शन फक्त ६. मला तरी वाटतं ही एकाच सवयीची दोन टोकं आहेत, खात्री नसेल तर फेकायचं नाही. फॅनला ६ हवे होते आणि ६८ नको होते, पण ते पॅकेजमध्येच येतं.

रिसिव्हरची गोष्ट थोडी वेगळी. झेलण्याचं कोडं मेंदू फार स्वस्तात सोडवतो, हवेतला बॉल नजरेत ठराविक पद्धतीने वर चढत राहील असा आपला वेग ठेवायचा, गणित वगैरे काही नाही. क्रिकेटच्या उंच कॅचचे अभ्यास झालेत त्यात पण असंच दिसलं. पण त्यासाठी बॉल आधी नीट दिसला पाहिजे! २०२१ मध्ये सिनसिनाटीचा रूकी जमार चेस प्रीसीझनमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचेसमध्ये, एकामागून एक झेल सोडत होता आणि फॅन लोकांनी आकाशपाताळ एक केलं होतं. तो म्हणाला, कॉलेजच्या बॉलला दोन्ही टोकांना पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या बॉलला नसतात, त्यामुळे दिसायला अवघड जातं. लोक हसले. मला हे कारण अजिबात हास्यास्पद वाटत नाही, तपकिरी बॉलवरचा पांढरा पट्टा म्हणजे डोळ्यासाठी मोठा कॉन्ट्रास्ट, त्यावरून बॉलचा गिरका कळतो, आणि वर्षानुवर्षं त्यावर बसलेली नजर एका महिन्यात बदलत नाही. त्या सीझनमध्ये चेसने १,४५५ यार्ड केले. अर्थात फेकणारा क्वार्टरबॅक जो बरो होता, दोघं एलएसयू कॉलेजमध्ये एकत्र खेळून नॅशनल चॅम्पियन झालेले, म्हणजे ती जुळणी आधीची होती.

ओडुन्झेचे पहिल्या वर्षी ५४ झेल, ७३४ यार्ड. त्याच ड्राफ्टमधल्या मलिक नेबर्सचे १०९ झेल आणि २३ व्या नंबरवर गेलेल्या ब्रायन थॉमसचे १,२८२ यार्ड, म्हणून याला नावं ठेवली गेली, पण मूर आणि ॲलन टीममध्ये असताना बॉल वाट्याला येणार किती? आला तो शंभरेक वेळा. शंभर वेळा नाणं उडवलं तरी छापा ४० ते ६० मध्ये कुठेही येऊ शकतो, त्यावर माणसाचं आयुष्य ठरवायचं म्हणजे कमालच.

आणि नशीब. २७ ऑक्टोबर २०२४, बेअर्स ४-२ होते, वॉशिंग्टनविरुद्ध १५-१२ ने पुढे, शेवटचा बॉल. समोर दुसऱ्या नंबरवर निवडलेला जेडन डॅनियल्स, त्याने लांब हवेत फेकला, बेअर्सच्याच खेळाडूचा हात लागून उडाला आणि मागे एकट्या उभ्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. १८-१५. तिथून बेअर्स सलग १० हरले, वॉशिंग्टन १२-५ करून सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे पोचलं. ती एक उडी सगळं बदलून गेली असं मी म्हणणार नाही, डॅनियल्स खरंच भारी खेळला. पण दोन रूकींची तुलना करताना लोक जो तक्ता दाखवतात त्यात ही मॅच एकाच्या खात्यात हार आणि दुसऱ्याच्या खात्यात जीत म्हणून बसलीय.

२०२५ मध्ये नवीन कोच बेन जॉन्सन आला, लाईनमध्ये जो थूनी, जोना जॅक्सन, ड्रू डॉलमन आणले, सॅक ६८ वरून २४ वर आले आणि टीमने ११ मॅचेस जिंकून आपलं डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, मारलं. विल्यम्सचे यार्ड ३,९४२ झाले, टीमचा रेकॉर्ड, ४,००० ला अजूनही ५८ कमी. आणि त्याचे पूर्ण झालेले पास? पहिल्या वर्षी ६२.५ टक्के होते, दुसऱ्या वर्षी ५८ च्या आसपास. घसरले. मॅचेस जिंकत असताना त्यावर फारसं कुणी भांडलं नाही, पण आता पुढच्या ऑगस्टचा आकडा ११ पासून सुरू होणार, तेव्हा बघू.