पातेल्याच्या तळाशी कातळ

बोअरचं पाणी रोज तापवलं की पातेल्याच्या तळाशी पांढरट थर धरतो. पुण्यात कितीतरी घरांत तो घासून काढतात. मला मात्र तो थर फार मोलाचा वाटतो. त्यात आपल्या टेकड्यांचा कातळ आहे आणि झाडांच्या मुळांचा श्वासही.

पुण्याखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या खनिजांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह घट्ट अडकलेलं असतं. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतो खरा, पण तेवढ्याने कातळ फारसा विरघळत नाही. आम्लाला धार येते ती मातीत. मुळं आणि सूक्ष्मजीव तिथे सतत श्वसन करत असतात. त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी त्याहून कितीतरी जास्त असतं.

माती नसेल तिथे? वेताळ टेकडीवरच्या उघड्या कातळावर राखाडी-पोपटी चट्टे बघा. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच ते भाऊबंद, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बुरशीचे तंतू दगडाच्या बारीक फटींत शिरतात, ओलाव्याने फुगतात, उन्हाने आकसतात, वर ऑक्झॅलिक आम्लही सोडतात. दगड असा भुसभुशीत होत गेला की त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. ज्वारीच्या कणसातला फॉस्फरसही मुळात या दगडातलाच. नायट्रोजनसारखा तो हवेतून मिळत नाही.

सुटलेलं कॅल्शियम, पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनलेल्या बायकार्बोनेटच्या सोबतीने पाण्यात उतरतं. काही भूजलात, म्हणजे बोअरमध्ये येतं. बाकीचं मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पातेल्यात आच लागली की कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो आणि थोडा कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो. समुद्रात शिंपले आणि फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव आचेशिवायच हीच रासायनिक क्रिया करून आपलं कवच बांधतात. बेसाल्टमधलं कॅल्शियम विरघळताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू खर्ची पडले होते. कवच बनताना एक सुटतो, एक दगडात अडकतो. कवचांचा चुनखडक होतो. कोट्यवधी वर्षांनी तो भूकवचाच्या हालचालींत खोल जाऊन तापला, की अडकलेला कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखींतून पुन्हा हवेत येतो.

दख्खनच्या लाव्हानेही उसळताना प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला होता. तोच लाव्हा आता थिजून कातळ झाला आहे आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा विरघळत हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेतो आहे.