‘थांबवा’ म्हणता येत नाही तेव्हा

माझा एक जुना विद्यार्थी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. यवतमाळहून येताना त्याला फाट्यावर उतरावं लागतं. मे महिन्यातल्या एका दुपारी फाट्यावर उतरणारं दुसरं कुणीच नव्हतं. कंडक्टरला आवाज द्यायचा होता, एवढंच. त्याने तोंडातल्या तोंडात ‘थांबवा’ तीन-चारदा म्हणून पाहिलं. आवाज चिरकेल, सगळी बस वळून पाहील, असं वाटत राहिलं आणि तेवढ्यात फाटा मागे गेला. पुढच्या गावी चार जण उतरले, त्यांच्यासोबत तोही उतरला. मग उलंगवाडी झालेल्या रिकाम्या शेतांच्या कडेने, डोक्यावर ऊन घेत, चार किलोमीटर मागे चालत आला. घरी सांगितलं, बस उशिरा आली.

हे त्याने मला सांगितलं ते दोन वर्षांनी, तेही व्हॉट्सॲपवर लिहून. त्याची आई म्हणायची, “सर, थो लहानपणापासूनच बुजरा हाये.” बुजरा, लाजाळू, मुखदुर्बळ असे शब्द आपल्याकडे आहेत, आणि ते सगळे स्वभावाचे आहेत. म्हणून त्यावर उपचार असू शकतो हे कुणाच्या मनात येत नाही. पण लाजाळू माणूस घटकाभराने मोकळा होतो. इथे मात्र आयुष्यच आखडत जातं. मुलाखतीचं पत्र येऊनही हा मुलगा गेला नाही. लग्नाच्या पंगतीत बसणं त्याने सोडलं, कारण जेवताना हात थरथरेल आणि ते लोकांना दिसेल. डॉक्टर याला सोशल अँग्झायटी म्हणतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आजारांच्या अधिकृत यादीत त्याला जागा दिली. तिथल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्या रुग्णांना हा त्रास वयाच्या १३ व्या वर्षापर्यंत सुरू झालेला दिसला. म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेली ती मुलं.

रोज माणसांत वावरूनही ही भीती आपोआप का जात नाही? १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचं जे उत्तर मांडलं, ते वाचताना मला त्या बसमधली पाच मिनिटं दिसतात. अशा वेळी माणसाचं लक्ष बाहेरून सुटतं आणि आत वळतं. कंडक्टर काय करतोय हे त्याला दिसत नाही. दिसतो तो स्वतःच, जणू बाहेरून कुणी पाहतंय असा: लाल झालेला, घाम फुटलेला, बावळट. हे चित्र स्वतःच्या छातीच्या धडधडीवरून बनलेलं असतं, लोकांच्या चेहऱ्यावरून नव्हे. मग तो सांभाळून राहण्याच्या युक्त्या करतो. वाक्य आधी घोकून ठेवणं, कानात इअरफोन घालणं, उगाच मोबाइलमध्ये डोकं खुपसणं. नेमक्या या युक्त्यांमुळेच तो लोकांना तुटक वाटतो. वर, काही विपरीत घडलं नाही तर श्रेय त्या युक्तीला जातं, आणि भीती खोटी होती हे कधी सिद्धच होत नाही. रात्री अंथरुणावर सगळ्या प्रसंगाची उजळणी होते आणि त्यातलं वाईट तेवढं आठवणीत पक्कं बसतं.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी), म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती, या साखळीवर घाव घालते. त्यातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. रुग्णाने कुणाशी तरी पाच मिनिटं बोलायचं, एकदा आपल्या सगळ्या युक्त्या वापरून आणि एकदा त्या सोडून, लक्ष समोरच्यावर ठेवून. दोन्हींचं चित्रीकरण करायचं. पाहण्याआधी लिहायचं: मी किती लाल दिसलो असेन, किती अडखळलो असेन. मग एखादा अनोळखी माणूस पाहावा तसा तो व्हिडिओ पाहायचा. मनात जे चित्र होतं, त्याहून पडद्यावरचा माणूस बहुतेक वेळा पुष्कळच बरा निघतो. आपल्या आतली धडधड बाहेर दिसत नाही, हे कुणी सांगून पटत नाही, पाहून पटतं.

या आजाराची एक क्रूर अडचण अशी, की डॉक्टरकडे जाणं हेसुद्धा भीतीच्या यादीतच येतं. बाहेरच्या बाकावर बसायचं, नाव पुकारल्यावर उठायचं, अनोळखी माणसाला मनातलं सांगायचं. त्यात ओपीडीत गावचं कुणी भेटलं तर संध्याकाळपर्यंत गावभर. म्हणून इंटरनेटवरून उपचार देण्याची कल्पना या आजाराला विशेष जुळली. स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. दर आठवड्याला एक पाठ, त्यावर गृहपाठ, प्रत्यक्ष करायचे छोटे प्रयोग आणि लेखी उत्तर देणारा एक तज्ज्ञ, असा साधारण आराखडा असतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १२६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हा ऑनलाइन उपचार समोरासमोरच्या गट-उपचारापेक्षा कमी ठरला नाही. ते निष्कर्ष २०११ मध्ये आले. तज्ज्ञाचा वेळ मात्र दर आठवड्याला माणशी दहा मिनिटांहूनही कमी लागला.

मग तो तज्ज्ञसुद्धा काढून टाकला तर? नुसता कार्यक्रम इंटरनेटवर द्यायचा, ज्याचं त्याने करायचं. ऑस्ट्रेलियात निकोलाय टिटॉव्ह आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच तपासलं. तज्ज्ञाची सोबत असलेल्यांपैकी ७७ टक्के लोकांनी सगळे पाठ पूर्ण केले, एकट्याने करणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांनी. गुण सोबत असलेल्या गटालाच जास्त आला. पण एकट्याने शेवटपर्यंत गेलेल्यांनाही चांगला फरक पडला होता. माझ्या मते या आकड्यांचा अर्थ असा, की औषध पाठांमध्येच आहे, आणि सोबत लागते ती ते औषध पुरतं घेण्यासाठी. स्वित्झर्लंडमध्ये थॉमस बर्गर यांनी २०११ मध्ये ८१ जणांवर केलेल्या चाचणीत तर सोबत असलेले, नसलेले आणि मागितली तरच मिळालेले, असे तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. पण तिथे कार्यक्रम सुरू होण्याआधी फोनवर प्रत्येकाची नीट मुलाखत घेऊन निदान झालं होतं. कुणीतरी एकदा शांतपणे ऐकून घेतलं होतं. हा तपशील मला छोटा वाटत नाही.

सोबत देणारा तज्ज्ञच हवा का? सिडनीत २०१० मध्ये सततच्या काळजीच्या आजारावर एक चाचणी झाली. त्यात काही रुग्णांना मानसशास्त्रज्ञाने साथ दिली, तर काहींना उपचाराचं शिक्षण नसलेल्या साध्या सहायकाने. तो सहायक फक्त धीर द्यायचा आणि पाठ झाला का विचारायचा. दोन्ही गट सारखेच बरे झाले. आजार वेगळा होता, तरी विदर्भासाठी मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात. आमच्या भागात मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, नाहीतर सरळ नागपूर. एक दिवसाची मजुरी बुडते, वर बसभाडं. पण साध्या माणसांना शिकवून काय होतं, हे इथेच दिसलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावर काम केलं. मदत घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्या गावांतली माणसं बदलली नव्हती, विचारपूस करणारं कुणीतरी दाराशी आलं होतं.

माझ्या विद्यार्थ्याने आधी एक इंग्रजी ॲप एकट्याने सुरू केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात सोडलं. त्यात लिहिलं होतं, पार्टीत जाऊन तीन अनोळखी लोकांशी बोला. त्याच्या गावात पार्टी नाही आणि अनोळखी माणूस तर मुळीच नाही. शहरातला रुग्ण उपचाराचा प्रयोग म्हणून मॉलमध्ये मुद्दाम चिल्लर सांडून पाहू शकतो, पुन्हा त्या माणसांचं तोंड दिसणार नसतं. खेड्यात चूक झाली तर ती बाजेवर बसलेल्या ओळखीच्या दहा जणांसमोर होते आणि वर्षभर आठवली जाते. त्यामुळे सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या भीतीच्या पायऱ्या आमच्याकडे वेगळ्या रचाव्या लागतात: आधी तालुक्याचा बाजार, मग आपलं गाव. मोबाइलचंही तसंच. दोन खोल्यांच्या घरात व्हिडिओ कॉलवर मनातलं बोलणं शक्य नसतं, आणि मुलीचा फोन तर भाऊही चाळतो. लिहून पाठवलेला गृहपाठ आवाज करत नाही. लेखी पद्धतीचा हा फायदा स्वीडनपेक्षा आम्हाला जास्त आहे.

पुढे नागपूरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाई त्याला सोबत द्यायला तयार झाल्या. एकदा फोनवर तासभर बोलणं, नंतर दर रविवारी मोबाइलवर पाठ आणि बुधवारी त्यांचा एक मेसेज, “या आठवड्यात कुठवर आलास?” बास. कधी तो उत्तर देत नसे, तरी पुढच्या बुधवारी मेसेज यायचाच.

ज्यांना अशी ओळख नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. फोन करणं हीच भीती असेल तर पहिलं वाक्य कागदावर लिहून तेच वाचा, पलीकडच्या माणसाला ते नवीन नसतं. जीव नकोसा वाटत असेल, किंवा लोकांत जायच्या आधी दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर एकट्याने ॲपवर विसंबू नका, डॉक्टरला दाखवा. या आजारावर गोळ्याही आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

त्याचा तक्ता त्याने मला दाखवला. वहीचं पान, त्यावर पट्टीने आखलेले तीन रकाने: काय करणार, काय होईल असं वाटतं, काय झालं. दिग्रसच्या बाजारात टमाटरचा भाव विचारून न घेता परत येणं, ही पहिली ओळ. गावातल्या किराणा दुकानात चिठ्ठी न देता तोंडाने सामान सांगणं, ही चौथी. सातव्या ओळीत फाटा. दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, “सगळी बस हसेल, ९० टक्के.” तिसऱ्यात वेगळ्या शाईने, “आवाज चिरकला. दोघांनी पाहिलं. बस थांबली. एका आजीने तिची पिशवी खाली उतरवून मागितली, ती दिली.” त्याखाली आठवी ओळ ग्रामसभेत प्रश्न विचारण्याची आहे. तिचा तिसरा रकाना अजून कोरा आहे.