बोलणाऱ्यांची नावे

फळ्याच्या उजव्या कडेला खडूने एक उभी रेघ ओढायची. रेघेपलीकडे वर लिहायचं, 'बोलणाऱ्यांची नावे'. खाली नावं. तोच पुन्हा बोलला की नावापुढे फुली. तीन फुल्या झाल्या की बाई आल्यावर हातावर पट्टी. कुर्ल्यातल्या एका महापालिका शाळेत सातवीत मी मॉनिटर होते, तेव्हा फळ्याचा तो वीतभर पट्टा माझ्या मालकीचा होता. बाई ऑफिसात गेल्या रे गेल्या की मी खडू घेऊन उभी. माझी निवड कशी झाली? अक्षर वळणदार, पहिल्या पाचात नंबर आणि कधी तोंड वर करून न बोलणारी. म्हणजे जिला वर्गासमोर एक वाक्य बोलायचं तर घाम फुटायचा, तिच्यावर अख्ख्या वर्गाला गप्प करायचं काम. कैरीची एक फोड मिळाली की एखादं नाव पुसलं जायचं, हेही आता कबूल करायला हरकत नाही.

हा 'मॉनिटर' आपल्या शाळांत आला कुठून? गोष्ट सुरू होते मद्रासला. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ साली तिथे, एग्मोरला, सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. एकदा फिरायला गेला असताना एका देशी शाळेत त्याने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी, तोच प्रकार. बेलला युक्ती आवडली. त्याच्या हाताखालच्या मास्तरांना अजिबात नाही. तेव्हा त्याने ते काम शाळेतल्याच एका आठ वर्षांच्या मुलावर सोपवलं. पोरगा शिकवू लागला आणि धाकटी मुलं चक्क शिकू लागली. १७९७ साली बेलने लंडनमध्ये या प्रयोगाची हकिगत छापली, पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या सदर्क भागात स्वतःची शाळा काढली, आणि बघता बघता 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली. एक मास्तर, शेकडो मुलं आणि मधे मोठ्या मुलांतून निवडलेले मॉनिटर. स्वस्तातला मामला होता, हे खरंच. पण मूळच्या मॉनिटरचं काम शिकवण्याचं होतं. आपल्यापर्यंत येईतो त्याच्या हातातला धडा गळून पडला, खडू तेवढा उरला.

दुसऱ्याला शिकवताना आपलंच पक्कं होतं, हे कुठलीही आई पहिलीच्या मुलाचा अभ्यास घेताना अनुभवते. २००९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ते नीट तपासून पाहिलं. शाळकरी मुलांना संगणकावर जीवशास्त्राचा एक धडा दिला. सॉफ्टवेअर सगळ्यांना तेच. फक्त काहींना सांगितलं, 'तुम्ही स्वतःसाठी शिका', आणि काहींना सांगितलं, 'पडद्यावरच्या या बेटीला तुम्ही शिकवायचंय'. बेटी म्हणजे नुसतं एक चित्र. तरीही तिला शिकवणारी मुलं धड्यावर जास्त वेळ बसली आणि जास्त शिकली. सर्वांत जास्त फायदा झाला तो अभ्यासात मागे असणाऱ्यांचा. यातली एक मेख मला फार आवडते. चूक झाली तर ती बेटीची होती, त्यामुळे ती कबूल करायला लाज वाटत नव्हती. आणि ती दुरुस्त करायची जबाबदारी मात्र आपली होती. ढ म्हणून शिक्का बसलेल्या मुलाला असं संरक्षण एरवी कुठे मिळतं?

आता पुन्हा सातवीचा वर्ग. त्या दिवशी बाईंना मुख्याध्यापकांनी मीटिंगला बोलावलं होतं आणि नेमकं तेव्हाच खिचडीचं पातेलं वर्गाच्या दारात येऊन ठेपलं. मी नियमाप्रमाणे ओरडले, 'लाईन करा!' कुणी ढिम्म हललं नाही. मग सगळे एकदम हलले. पातेल्याभोवती गर्दी, ताटल्यांचा खणखणाट, पुढची एक मुलगी रडकुंडीला आलेली. मी फळ्याकडे धावले आणि भराभर नावं लिहू लागले, जणू नाव लिहिल्याने खिचडी वाचणार होती! तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एकजण उठला. माझ्या यादीत त्याचं नाव कायमचंच, रोज लिहायचा कंटाळा येई म्हणून मी ते पुसतही नसे. त्याने ओगराळं उचललं, पातेल्यावर आडवं धरलं आणि साध्या आवाजात म्हणाला, 'आधी बारकी. मग मुली. मी शेवटी खाणार.' अर्ध्या मिनिटात रांग. त्याने खरोखरच शेवटी खाल्ली, तळाची, जराशी करपलेली. मी फळ्याजवळ खडू धरून तशीच उभी होते.

त्या वेळी मला नुसता राग आला होता. तिथे काय घडलं ते कळलं पुष्कळ वर्षांनी, एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि तिच्या सहकाऱ्यांचं २०१६ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन वाचताना. न्यू जर्सीतल्या ५६ सरकारी शाळा, सुमारे २४ हजार मुलं, वयं साधारण आपल्या सहावी ते आठवीची. प्रश्न असा, की शाळेतली भांडणं, चिडवाचिडवी, दादागिरी मुलांकडूनच कमी करवता येईल का? शिक्षकांची भाषणं त्यांनी बाजूला ठेवली. आधी प्रत्येक मुलाला विचारलं, गेल्या काही आठवड्यांत तू आपणहून कुणाकुणाबरोबर वेळ घालवलास, अशी शाळेतली दहापर्यंत नावं लिही. नेता कोण, हुशार कोण, असलं काही विचारलं नाही. या नावांवरून अख्ख्या शाळेचा एक नकाशा तयार होतो, कोण कुणाशी जोडलेलं आहे याचा. त्यात काही नावं पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांची नजर ज्यांच्यावर असते ती ही मुलं.

मग निम्म्या शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखा एक छोटा गट निवडला, साधारण वीस ते तीसेक मुलांचा. मुद्दाम गुणी मुलं वेचली नाहीत; जो आला तो आला. आपल्या शाळेत कोणती भांडणं होतात आणि त्यांवर काय करायचं, हे गटाने स्वतःच ठरवायचं. त्यांनी पोस्टर्स केली, कुणी मध्यस्थी करताना दिसला तर त्याच्या मनगटावर पट्टा बांधला. वर्षअखेरीस या शाळांत भांडणांच्या शिस्तभंग नोंदी बाकीच्या शाळांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि ज्या गटांत चिठ्ठीच्या कृपेने 'नजरेतली' मुलं जास्त आली होती, तिथे परिणाम आणखी ठळक होता.

आमच्या वर्गाचा नकाशा काढला असता, तर ओगराळ्यावाला मधोमध असता आणि मी एका कोपऱ्यात, एका मैत्रिणीच्या धाग्याला लोंबकळत. बाईंनी अधिकार मला दिला होता. वर्गाने तो कधीच दुसरीकडे देऊन टाकला होता.

बारा-तेरा वर्षांच्या पोरांना बाईंच्या पट्टीपेक्षा बाकावरच्या मित्राची भुवई जास्त का जाणवते, याचं थोडं उत्तर मेंदूत आहे. आवेगाला लगाम घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. बक्षीस आणि कौतुक यांनी उजळणारी यंत्रणा मात्र ऐन किशोरवयात फार तरतरीत असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं. जितकं पुढे जाल तितके गुण, पण सिग्नल लाल झाला आणि गाडी आदळली की सगळे गुण गेले. एकट्याने खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. शेजारी दोस्त बसवले, की त्यांचे धोके एकदम वाढले. चोवीस वर्षांपुढच्यांवर दोस्तांचा असा परिणाम दिसला नाही. चालत्या लोकलच्या दारात लोंबकळणारा पोरगा एकटा असतो का कधी, आठवून पाहा.

इथवर वाचून पालक मान डोलावतात, 'संगत वाईट!' पण हा अर्धाच हिशेब झाला. नेदरलँड्समध्ये लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ ते १६ वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला. आपल्याजवळची नाणी स्वतःकडे ठेवायची की गटाच्या सामाईक डब्यात टाकायची? बघणाऱ्या समवयस्कांनी देण्याला पसंती दाखवली की मुलं जास्त देऊ लागली, आणि न देण्याला दाखवली की कमी. म्हणजे तोच संवेदनशील मेंदू आणि तेच दोस्त, नाणं मात्र कधी इकडे तर कधी तिकडे. 'मी शेवटी खाणार' हे वाक्य बोलायला वर्गाची नजर लागतेच. रिकाम्या खोलीत ते कोण कशाला म्हणेल?

मग मोठ्यांनी करायचं काय? सगळं मुलांवर सोडून द्यायचं? याचा सुंदर प्रयोग १९३९ सालचा आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी आयोवात दहा वर्षांच्या मुलांचे छोटे क्लब काढले. मुखवटे करायचे, चित्रं रंगवायची, साबण कोरायचा. काही क्लबांत प्रमुख हुकूम सोडायचा, काहींत मुलांबरोबर बसून ठरवायचा, काहींत नुसता हजर असायचा. हुकूमशाही क्लबांत मुलं एक तर मरगळली, नाही तर एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. खरी परीक्षा प्रमुख खोलीबाहेर गेल्यावर व्हायची. हुकमाने चाललेलं काम तिथेच थांबे; एकत्र ठरवलेलं काम बऱ्यापैकी चालू राही. नुसता हजर राहणाऱ्याच्या क्लबात फार काही व्हायचंच नाही, त्यामुळे पोरांना मोकळं सोडा म्हणणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. बाई ऑफिसात गेल्यावर आमच्या वर्गात जे होई, ते लेविनने आयोवात बसून लिहून ठेवलं होतं म्हणायचं.

आपल्याकडे कागदावर व्यवस्था वाईट नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; महाराष्ट्रात दोन विद्यार्थीही घेतात, मताचा अधिकार नाही तो सोडा. शालेय मंत्रिमंडळ असतं: मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री. शपथविधीचा फोटो फार झकास येतो. पण स्वच्छतामंत्र्याला नळाची तोटी बदला म्हणून एक अर्जही करता येत नसेल, तर त्या बिल्ल्यातून तो एकच धडा शिकेल, आणि तो मोठेपणी सोडवायला जड जाईल.

मुलींपुरतं एक वेगळं सांगायला हवं. पश्चिम बंगालच्या वीरभूम जिल्ह्यात सरपंचपद चिठ्ठीने स्त्रियांसाठी राखीव होत गेलं, त्यामुळे तुलना करायला आयती सोय झाली. लोरी बीमन, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ४९५ गावं पाहिली आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. जिथे सलग दोन वेळा बाई प्रमुख होती, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांमधली दरी आईबापांच्या मनात २५ टक्क्यांनी आणि खुद्द किशोरवयीन मुलांच्या मनात ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातली दरी तर मिटलीच, शिवाय मुलींचा घरकामात जाणारा वेळ घटला. कुर्ला, गोवंडी, धारावीत सकाळी पाणी भरून, धाकट्याला बालवाडीत सोडून धापा टाकत शाळेत येणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे शेवटचं वाक्य सर्वांत मोठं वाटेल.

या वर्षी एका महापालिका शाळेत मी शनिवारी जाते. आता दारावर 'मुंबई पब्लिक स्कूल' अशी पाटी असते. सहावीच्या बाईंना मी न्यू जर्सीची गोष्ट सांगितली, तर त्या म्हणाल्या, करून बघू. मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि शिक्षक खोलीत चहाचे कप बाजूला सारून आम्ही त्या मोजल्या. संशोधन वगैरे काही नव्हे, एका दुपारचा उद्योग. सर्वांत जास्त चिठ्ठ्यांवर आलेलं नाव वाचून बाईंनी कपाळाला हात लावला. 'ही? अहो, हिला गप्प बसवता बसवता माझा घसा बसलाय.' वर्गात जाऊन पाहिलं, तर फळ्याच्या उजव्या कडेला, रेघेपलीकडे, तेच नाव होतं. पुढे तीन फुल्या. पावणेबाराला आलेली, कारण भाऊ बालवाडीत रडत होता.

बाईंनी तिला जवळ बोलावलं. सोमवारचा परिपाठ तू घ्यायचास, काय घ्यायचं तेही तूच ठरव, म्हणाल्या. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, मागे वळून वर्गाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, 'बाई, मग मंगळवारी कोण घेणार?'