त्वचेच्या पेशी आणि साखरेच्या साखळ्या

त्वचेचा काही मिलिमीटरचा तुकडा पोषक द्रवात ठेवला, की त्यातून लांबट, टोकदार पेशी बाहेर पडतात आणि भांड्याच्या तळाला चिकटून वाढू लागतात. या फायब्रोब्लास्ट पेशी. त्यांच्यावर तांबड्या रक्तपेशी सोडून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर रक्तपेशी सगळीकडे पसरतात, पण फायब्रोब्लास्टला टेकत नाहीत. भोवती मोकळा पट्टा राहतो. हायलुरोनिडेज हे एन्झाइम घातलं की पट्टा गायब! तिथे पाणी धरून बसलेलं हायलुरोनिक अ‍ॅसिडचं पारदर्शक आवरण असतं.

हायलुरोनिक अ‍ॅसिड म्हणजे साखरेची लांबलचक साखळी. दोन शर्करा आलटूनपालटून जोडत ही साखळी पेशीच्या पटलावरच तयार होते आणि होता होताच बाहेर सरकते. अशा हजारो जोड्या एका साखळीत असतात. डर्मटन सल्फेट या दुसऱ्या साखळीच्या बांधणीचं काम जास्त किचकट. ते पेशीच्या आत, गॉल्जी नावाच्या भागात चालतं. आधी प्रथिनावर एक झायलोज, मग दोन गॅलॅक्टोज, मग ग्लुकुरोनिक अ‍ॅसिड, हा पाया ठरलेला. पुढे साखळी वाढते, काही शर्करांचा आकार पालटतो, कुठे कुठे सल्फेट चिकटतं. प्रथिनातला क्रम जनुकात लिहिलेला असतो. साखळीला तसा साचा नाही. कोणती एन्झाइम किती आहेत आणि कच्चा माल किती, यावर सगळं ठरतं. पेशीला फसवताही येतं: झायलोज जोडलेला एखादा लहान रेणू द्रवात मिसळला, तर ती प्रथिन सोडून त्याच्यावरच साखळ्या बांधत बसते.

पण साखळ्या बांधण्याइतकंच त्या मोडणंही महत्त्वाचं, आणि मला तरी यातली खरी रंगत तिथेच वाटते. हर्लर आणि हंटर या आनुवंशिक आजारांत पेशींत अशा साखळ्या साचतात. पेशी त्या बेसुमार बनवत असाव्यात, असा संशय होता. अमेरिकेत एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी सल्फेट वापरून रुग्णांच्या फायब्रोब्लास्टमध्ये माग काढला, तेव्हा दोष मोडण्यात निघाला. 1968 मध्ये त्यांनी त्याहून नवलाची गोष्ट मांडली. दोन्ही आजारांच्या पेशी एकत्र वाढवल्या, तर दोन्हींतला साठा आटोक्यात येतो. नुसता एकीचा द्रव दुसरीला दिला तरी पुरतं! एकीत नसलेलं एन्झाइम दुसरी द्रवात सोडत होती.

ते एन्झाइम पेशी आत कसं ओढून घेते? त्याच्या अंगावरच्या छोट्या शर्करासाखळीला मॅनोज-6-फॉस्फेटची खूण असते, ती ओळखून. साखळ्या मोडणाऱ्या एन्झाइमचा पत्ताही साखरेतच लिहिलेला! हर्लरच्या रुग्णांना शिरेतून दिलं जाणारं लॅरोनिडेज हे एन्झाइम याच वाटेने पेशींत शिरतं. अमेरिकेत त्याला 2003 मध्ये मान्यता मिळाली. मेंदूपर्यंत मात्र ते रक्तातून फारसं पोचत नाही.