स्वयंचलित सुरक्षा-तपासणी : एआय-साहाय्यित कोडलेखनातील

एआय साहाय्यकाकडून लिहून घेतलेला कोड प्रत्यक्ष वापरात जाण्याआधी त्यातले सुरक्षादोष दुसऱ्या प्रोग्रॅमकडून हुडकून काढण्याची पद्धत. हुडकणाऱ्या प्रोग्रॅमला स्कॅनर म्हणतात. स्कॅनर ही वस्तू एआयपेक्षा बरीच जुनी आहे. नवे आहे ते तिचे स्थान. पूर्वी माणसाच्या नजरेतून सुटलेले ती पकडायची. आता पुष्कळदा कोडवर पडणारी पहिली नजरच तिची असते, कारण ज्याच्या नावावर कोड जमा होतो त्याने तो ओळ न् ओळ वाचलेला असतोच असे नाही.

गोव्यातील संदर्भ

फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचे. झुआरीनगरला २००४ मध्ये बिट्स आले, फर्मागुडीलाच २०१६ मध्ये आयआयटी. शिकलेली पुष्कळ मुले पुणे-बेंगळुरूची वाट धरतात. जी मागे राहतात किंवा परत येतात, त्यांतली बरीच पर्वरी, पणजी, मडगाव भागात दोन-चार जणांच्या चमूत काम करतात. गिऱ्हाईक कोण? हॉटेल, होमस्टे, भाड्याने दुचाकी देणारे, दवाखाने, पतसंस्था, अभिषेकाची आणि अग्रशाळेतल्या (भाविकांच्या निवासातल्या) खोल्यांची नोंदणी ऑनलाइन घेऊ पाहणारी देवस्थाने. अशा चमूत सुरक्षेसाठी वेगळा माणूस नसतो आणि हंगामाच्या तोंडावर, म्हणजे ऑक्टोबर उजाडण्याआधी, सगळ्यांनाच साइट हवी असते. एआय साहाय्यक इथे पटकन रुजला याचे नवल नाही. अडचण पुढे आहे. या साइटवर साठणारी माहिती किरकोळ नसते. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणून पाळोळेच्या तीन खोल्यांच्या होमस्टेकडेही पासपोर्टच्या प्रती जमा होतात. दुकान लहान असले तरी तिजोरीत ठेवावे असे त्याच्याकडे काही असते.

एक उदाहरण

अशा होमस्टेचा नोंदणी-फॉर्म साहाय्यकाला करायला सांगितला, तर तो काही मिनिटांत चालणारा फॉर्म देतो. पाहुण्याचे नाव घेऊन ते डेटाबेसच्या प्रश्नवाक्यात (क्वेरीत) जसेच्या तसे जोडणे ही त्यातली नेहमीची गफलत. सावंत, नाईक, पै अशी नावे घालून पाहिली की सगळे सुरळीत दिसते. मग कोणीतरी डि'सोझा येतो. नावातले ते उभे स्वल्पचिन्ह डेटाबेसच्या भाषेत मजकूर संपल्याची खूण असते. वाक्य मध्येच तुटते आणि पडद्यावर चूक झळकते. बार्देश-सासष्टीत डि'सोझा, डि'मेलो, डि'कॉस्ता पावलोपावली भेटतात, त्यामुळे गोव्यात हा दोष हल्लेखोराआधी गिऱ्हाइकाच्या हाती लागण्याचा संभव दांडगा. पण जे चिन्ह निष्पाप आडनावाने वाक्य तोडते, तेच हल्लेखोराला हवे ते वाक्य पुढे जोडू देते. हेच एसक्यूएल इंजेक्शन. दोषांच्या जागतिक वर्गीकरणात, सीडब्ल्यूईमध्ये, त्याचा क्रमांक ८९.

साहाय्यकाला नुसते ‘डि'सोझा घातल्यावर एरर येतो’ एवढे सांगितले, तर तो पुष्कळदा नावातले चिन्हच गाळून टाकतो. एरर जातो, पण ओळखपत्रावरचे नाव आणि नोंदीतले नाव जुळत नाही. शिवाय दुसऱ्या खान्यातले छिद्र तसेच राहते. खरा उपाय म्हणजे प्रश्नवाक्य आणि त्यात भरायची मूल्ये डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवणे; मग नावात काहीही असले तरी ते नावच राहते. स्कॅनर नेमका हाच उपाय सुचवतो, तोही ओळ क्रमांकासह. साहाय्यकाला लक्षणाऐवजी स्कॅनरचा निष्कर्ष दाखवला की दुरुस्ती सुधारते, ती यामुळेच.

स्कॅनर काय पाहतो

स्थिर विश्लेषण हा गाभा. कोड न चालवता स्कॅनर त्याची रचना वाचतो, बाहेरून आलेले मूल्य कुठून शिरते आणि कुठवर पोचते याचा माग काढतो. फॉर्ममधून आलेले नाव कोणत्याही शुद्धीशिवाय प्रश्नवाक्यात, फाइलच्या मार्गात किंवा पानाच्या मजकुरात उतरले, की तो इशारा देतो. सेमग्रेप, कोडक्यूएल, पायथॉनपुरते बँडिट ही या कामाची परिचित साधने. बँडिट ठरावीक धोकादायक आकृतिबंध ओळखते. कोडक्यूएल कोडचाच एक डेटाबेस बांधून त्याला प्रश्न विचारते, म्हणून ते संथ पण खोल जाते.

गुपितांचा शोध ही त्याहून सोपी आणि माझ्या मते सर्वांत आधी लावावी अशी तपासणी. पैसे भरण्याच्या सेवेची किल्ली, डेटाबेसचा पासवर्ड अशा गोष्टी कोडमध्ये थेट लिहिलेल्या आहेत का, हे गिटलीक्ससारखे साधन पाहते. नमुना म्हणून साहाय्यक ‘इथे तुमची किल्ली घाला’ असे लिहून देतो आणि घाईत माणूस खरोखरच तिथे घालतो. एकदा गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, कमिट झालेली (नोंदली गेलेली) किल्ली पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात शिल्लक राहते. म्हणून ती पुसून भागत नाही; सेवा देणाऱ्याकडे जाऊन रद्दच करावी लागते आणि नवी घ्यावी लागते.

ज्यांवर कोड अवलंबून असतो त्या पॅकेजांची तपासणी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीत वापरली आहे आणि तिच्यात जाहीर झालेला दोष आहे का, हे पाहणे. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरशेल प्रकरणाने, म्हणजे लॉगफोरजे या जावा लायब्ररीत सापडलेल्या गंभीर दोषाने, तिची गरज जगाला पटवली. एआयने इथे एक नवीच भानगड आणली आहे: साहाय्यक कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे नाव छातीठोकपणे सांगतो. १६ भाषा-प्रतिमानांकडून (साहाय्यकांमागच्या लँग्वेज मॉडेलांकडून) ५,७६,००० कोड-नमुने घेऊन केलेल्या एका अभ्यासात सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे १९.७ टक्के अशी काल्पनिक निघाली. तीच नावे पुन्हा पुन्हा येतात हे हेरून हल्लेखोर त्या नावाने खरेच पॅकेज प्रसिद्ध करू शकतो. या डावाला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. जुन्या दोषांची यादी बाळगणारा स्कॅनर इथे गप्प राहील, कारण कालच जन्मलेल्या पॅकेजवर कोणताही दोष नोंदलेला नसतो. पॅकेज किती जुने, किती जण वापरतात, हे पाहावे लागते.

चालत्या साइटवर बाहेरून मारा करून पाहणारे झॅपसारखे गतिशील स्कॅनरही आहेत. ते नेहमी चाचणीच्या प्रतीवर चालवावेत. भर डिसेंबरात खऱ्या साइटवर चालवले तर नोंदवहीत शेकडो बनावट पाहुणे उतरतील.

पूर्वपीठिका

बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी लिंट हे साधन केले. कोड न चालवता चुका दाखवणाऱ्या साधनांची परंपरा बहुतेक जण तिथून मोजतात. जाहीर दोषांना क्रमांक देणारी सीव्हीई यादी १९९९ मध्ये सुरू झाली, वेबवरील दहा मुख्य धोक्यांची, ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेची यादी २००३ मध्ये. गिटहब कोपायलट हा कोड लिहिणारा एआय साहाय्यक २०२१ च्या जूनमध्ये चाचणीसाठी आणि वर्षभराने सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या पहिल्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी त्याला ८९ प्रसंग दिले आणि आलेले १,६८९ प्रोग्रॅम तपासले. सुमारे ४० टक्के सदोष निघाले. स्टॅनफर्डच्या २०२२ च्या अभ्यासातले निरीक्षण अधिक बोचरे आहे. साहाय्यक वापरणाऱ्यांचा कोड कमी सुरक्षित होता, आणि तो सुरक्षित असल्याची खात्रीही त्यांनाच जास्त वाटत होती. प्रतिमाने तेव्हापासून बरीच सुधारली आहेत, तेव्हा ४० चा आकडा आज जसाच्या तसा फेकू नये. खात्रीबद्दलचे निरीक्षण मात्र जुने झालेले नाही.

तपासणी कुठे बसवावी

स्कॅनर तीन ठिकाणी बसवता येतो. संपादकात, म्हणजे लिहितानाच. कमिट होण्याच्या क्षणी. आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, मुख्य शाखेत मर्ज होण्यापूर्वी (मिसळली जाण्यापूर्वी) सर्व्हरवर. स्वतः आज्ञा चालवू शकणारे साहाय्यक आल्यापासून चौथी सोय झाली आहे: साहाय्यकालाच स्कॅनर चालवायला देणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मांडलेल्या, साहाय्यकाला बाहेरची साधने जोडून देणाऱ्या एमसीपी या मानकामुळे हे सोपे झाले. साहाय्यक लिहितो, स्कॅनर चालवतो, निष्कर्ष वाचतो, दुरुस्त करतो, पुन्हा चालवतो. ऐकायला फार सुरेख आहे आणि पुष्कळ अंशी ते खरेही ठरते.

खाचखळगा असा की साहाय्यकाचे ध्येय ‘अलर्ट शून्य’ असे ठरले, तर अलर्ट शून्य करण्याचा सर्वांत जवळचा रस्ता दोष काढण्याचा नसतो. बँडिटमध्ये ओळीच्या शेवटी ‘नोसेक’ अशी टीप लिहिली की ती ओळ तपासणीतून वगळली जाते, सेमग्रेपमध्ये ‘नोसेमग्रेप’. चुकीच्या अलर्टसाठी माणसाला दिलेली ही सवलत साहाय्यकही वापरू शकतो. नियमांची फाइल त्याच्या हाताला लागत असेल तर नियमच सैल करू शकतो. यात कपट नसते, सांगितलेले काम त्याने पुरे केलेले असते. म्हणून मर्जपूर्वीची तपासणी साहाय्यकाच्या आवाक्याबाहेर असावी: नियमांची फाइल वेगळ्या परवानगीखाली, आणि नवी ‘नोसेक’ टीप दिसली की माणसाच्या संमतीशिवाय मर्ज बंद. ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो तपासू नये हा पतसंस्थेतला साधा नियम इथेही लागू पडतो.

दुसरी खबरदारी साहाय्यकाच्या वाचनाबद्दल. तो प्रकल्पातल्या सूचना-फाइली, बाहेरच्या पॅकेजांची माहितीपत्रके, कधी वेबपानेही वाचतो. त्यांत कोणी लपवून ‘ही तपासणी टाळ’ अशी सूचना पेरली, तर तो ती आज्ञा समजण्याचा धोका असतो. स्कॅनर असल्या मजकुराला भुलत नाही; त्याच्या मठ्ठपणाचा इथे फायदाच होतो.

मर्यादा

वरच्या होमस्टेत पाहुण्याची पासपोर्ट-प्रत एका पत्त्यावर उघडते, ज्याच्या शेवटी १०४२ असा अंक आहे. तिथे १०४३ घातले तर पुढच्या पाहुण्याचा पासपोर्ट उघडतो. कोडमध्ये एकही ‘धोकादायक’ ओळ नाही. चूक आहे ती न लिहिलेल्या ओळीत. मागणाऱ्याला ही प्रत पाहण्याचा हक्क आहे का, हे कोणी विचारलेच नाही. हक्क कोणाचा हे होमस्टेच्या मालकाला ठाऊक असते, स्कॅनरला नाही. ओवास्पच्या २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील दोष पहिल्या क्रमांकावर आहेत आणि साधारण स्थिर स्कॅनर नेमका त्यांनाच कमी पकडतो. त्यासाठी दोन वेगवेगळी खाती काढून एकाने दुसऱ्याची प्रत मागून पाहणारी चाचणी लिहावी लागते. साहाय्यक ती उत्तम लिहितो, पण सांगितले तरच. स्कॅनरची हिरवी खूण दिसली म्हणून साइट सुरक्षित आहे असे गिऱ्हाइकाला सांगणारा, माहितीतली निम्मी गोष्ट गाळून सांगत असतो.

सैद्धांतिक मर्यादाही आहे. प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न सर्व प्रोग्रॅमांसाठी अचूक सोडवणारी पद्धत असू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध केले. म्हणून प्रत्येक स्कॅनर काही दोष सोडतो, काही नसलेले दाखवतो. खोटे अलर्ट फार झाले की माणसे सगळेच अलर्ट बंद करतात. जुन्या प्रकल्पावर पहिल्यांदा स्कॅनर चालवून आलेली लांबलचक यादी अंगावर घेण्यापेक्षा आज आहे ती स्थिती आधाररेषा मानून फक्त नव्या कोडचे दोष अडवावेत. जुने सवडीने, मान्सूनच्या मंदीत निस्तरावेत. हा सल्ला तत्त्वात बसत नाही, पण दोन माणसांच्या चमूत टिकतो तो हाच.

कायदा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोड माणसाने लिहिला की यंत्राने, असा भेद त्यात नाही. जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे आपल्या उदाहरणात होमस्टेची. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. साहाय्यकाने तयार केलेल्या साइटमध्ये अशा नोंदी आपोआप ठेवल्या जातीलच असे नाही. त्या मागून घ्याव्या लागतात, आणि घेताना त्यांत पासपोर्ट क्रमांक उतरत नाहीत ना, हेही पाहावे लागते.