जर्मन मालवाहू इंजिनांची 50 मालिका आणि तिचे उपप्रकार : पार्श्वभूमी

जर्मनीतील 50 या मालिकेच्या मालवाहू वाफेच्या इंजिनांचे उपप्रकार समजून घ्यायला बसले की पहिली अडचण येते ती क्रमांकांची. एकच क्रमांक दोन अगदी वेगळ्या इंजिनांना मिळालेला आहे, तर एकाच घराण्यातला बॉयलर बसवलेली इंजिने तीन वेगळ्या क्रमांकांखाली धावलेली आहेत. म्हणून पुढील मांडणी क्रमांकांपेक्षा बॉयलरच्या अंगाने केली आहे. तीत युद्धोत्तर काळाने बरीच जागा घेतली आहे, कारण ज्यांना आज उपप्रकार म्हणून ओळखले जाते त्यांपैकी बहुतेक त्याच काळात घडले.

मूळ इंजिन 1939 साली आले. प्रशियाच्या जुन्या जी 10 इंजिनांची जागा घेणे आणि दर ॲक्सलमागे 15 टनांपेक्षा जास्त भार न पेलणाऱ्या दुय्यम मार्गांवरही चालणे, ही त्याच्याकडून अपेक्षा होती. 1400 मिलिमीटर व्यासाची पाच जोड्या चाके, 600 मिलिमीटर व्यासाचे दोन सिलिंडर आणि 16 बार दाब हा त्याचा ढाचा पुढे जवळजवळ सर्व उपप्रकारांत कायम राहिला. दुय्यम मार्गांच्या टोकाला इंजिन फिरवण्याची सोय नेहमीच असते असे नाही. म्हणून ते उलट दिशेनेही ताशी 80 किलोमीटर वेगाने चालवण्याची परवानगी होती, आणि उलटे धावताना कोळशाची धूळ व वारा अंगावर येऊ नये म्हणून टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या, पुढच्या बाजूला आडोशाची भिंत दिलेली होती. 1948 पर्यंत या मालिकेची 3164 इंजिने बांधली गेली.

युद्ध लांबत गेले तसे या इंजिनातून एकेक गोष्ट कमी होऊ लागली. धूर वळवणारे पत्रे गेले, बॉयलरच्या कडेच्या फळ्या गेल्या, केबिनची दुसरी खिडकी गेली, पाणी आधी तापवणारे उपकरण गेले आणि जिथे तांबे लागायचे तिथे पोलाद आले. अशा सुटसुटीत केलेल्या इंजिनांच्या क्रमांकापुढे ‘ऊके’ ही दोन अक्षरे लावली जात. संक्रमणकाळातील युद्धकालीन इंजिन, असा त्या संक्षेपाचा अर्थ. त्यांची वेगळी मालिका मात्र कधीच केली गेली नाही. युद्धानंतर दुरुस्तीला आलेल्या अशा कित्येक इंजिनांना पत्रे आणि फळ्या पुन्हा बसवल्या गेल्या. त्यामुळे ‘ऊके’ हा उपप्रकार मानावा की बांधणीचा एक टप्पा, यावर आजही मतभेद आहेत. तो टप्पा होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

सप्टेंबर 1942 मध्ये आलेली 52 मालिका ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होती. 50 मालिकेच्या सुमारे 6000 भागांपैकी 1000 भाग गाळले गेले आणि 3000 सोपे केले गेले, असे सांगितले जाते. 1941-42 च्या रशियातील हिवाळ्यात जर्मन इंजिनांचे बाहेरच्या अंगाला असलेले पंप आणि नळ गोठून फुटले होते; त्यातून धडा घेऊन केबिन मागूनही बंद करण्यात आली आणि पंपाऐवजी वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे दोन इंजेक्टर बसवण्यात आले. टेंडरचा बदल सर्वांत देखणा म्हणावा लागेल. रेल्वेच्या टँकर वाघिणीच्या धर्तीवर, तळाला गोलसर असलेली पाण्याची टाकीच भार पेलणारा सांगाडा झाली आणि वेगळी चौकट लागेनाशी झाली. 30 घनमीटर पाणी आणि 10 टन कोळसा वाहणाऱ्या या टेंडरला जुन्या टेंडरपेक्षा पुष्कळ कमी पोलाद लागे. हे सारे काम व्याप्त युरोपातल्या कारखान्यांत सक्तीने राबवलेल्या मजुरांच्या हातून मोठ्या प्रमाणावर करवून घेतले गेले. या इंजिनांच्या उत्पादनवेगाचे कौतुक करताना ही गोष्ट सहसा गाळली जाते.

पूर्वेकडील पाणीटंचाईच्या मुलखासाठी वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणारी काही इंजिनेही याच मालिकेत झाली. त्यांच्या टेंडरमध्ये पाण्याऐवजी मुख्यतः पंखे आणि शीतक नळ्या असत. वाफ धुराड्यातून बाहेर सोडायची नसल्यामुळे भट्टीला ओढ मिळावी म्हणून धूरपेटीतही, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या धूर जमणाऱ्या कप्प्यातही, पंखा बसवावा लागे. युद्ध संपताच त्यांची गरज संपली.

युद्धानंतर एकाच इंजिनाचे दोन वारस झाले, आणि खरी गुंतागुंत इथून सुरू होते. पश्चिम आणि पूर्व जर्मनीच्या रेल्वेंपुढचा प्रश्न एकच होता. 50 मालिकेच्या बऱ्याच इंजिनांचे बॉयलर ‘एसटी 47 के’ या पोलादाचे होते आणि ते पोलाद वयानुसार ठिसूळ होत असल्याचे दिसून आले होते. पश्चिमेत 52 मालिका लवकर मोडीत निघाली आणि तिचे चांगल्या स्थितीतले बॉयलर 50 मालिकेच्या इंजिनांवर चढवले गेले. घाईगर्दीत, काटकसरीने बांधलेल्या इंजिनांचे बॉयलर जुन्या, ‘दर्जेदार’ म्हणवणाऱ्या इंजिनांच्या कामी यावेत, यावर युद्धपूर्व बांधणीचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा विचार करायला हरकत नाही. पूर्वेने नवा, पूर्णपणे वेल्डिंग केलेला आणि ज्वलनकक्ष असलेला बॉयलर तयार केला. तो 1957 ते 1962 या काळात श्टेंडाल येथे 208 इंजिनांवर बसवला गेला, ही 50.35 उपमालिका, म्हणजे 50 3501 पासूनचे क्रमांक. 1960 ते 1967 या काळात 52 मालिकेच्या 200 इंजिनांना तोच बॉयलर मिळाला आणि त्यांची 52.80 झाली. त्याच घराण्यातला बॉयलर घेऊन बाबेल्सबेर्ग येथे 1956 ते 1960 या काळात 88 इंजिने नव्यानेच बांधली गेली. त्यांना क्रमांक दिला गेला 50.40.

हाच क्रमांक पश्चिमेनेही वापरला. 1954 साली 50 1412 या इंजिनाला फ्रांको-क्रोस्टी पद्धतीचा, धुराच्या उष्णतेने पाणी आधी तापवणारा प्रीहीटर बसवला गेला, पुढे त्याचे 50 4001 झाले आणि 1959 पर्यंत अशी 31 इंजिने झाली. म्हणजे 50 4001 ते 50 4031 हे सर्व क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी धावत होते, आणि आकाराचे मूळ साम्य सोडले तर त्यांच्यात काही नाते नव्हते. दोन्ही रेल्वेंनी युद्धपूर्व क्रमांकपद्धती पुढे चालवली आणि रिकामी जागा दोघींना एकाच ठिकाणी दिसली, यापलीकडे त्याला कारण शोधण्याची गरज नाही. जुन्या छायाचित्राखाली नुसते ‘50.40’ लिहिलेले असेल, तर धुराडे कुठे आहे हे आधी पाहावे. पश्चिमेच्या इंजिनात भट्टीचा धूर पुढे जाऊन मुख्य बॉयलरच्या खाली बसवलेल्या दुसऱ्या पिंपातून मागे फिरे, वाटेत बॉयलरमध्ये जाणारे पाणी तापवी आणि बॉयलरच्या बगलेला असलेल्या धुराड्यातून बाहेर पडे.

कागदावर ही कल्पना उत्तम होती आणि कोळशाची बचतही प्रत्यक्षात होत होती. पण धूर इतका थंड होई की त्यातील गंधकाचे आम्ल होऊन प्रीहीटरच्या नळ्यांवर जमे आणि पोलाद खाऊन टाकी. ब्रिटनमध्ये 1955 साली याच पद्धतीने बांधलेल्या दहा 9एफ या मालवाहू प्रकारच्या इंजिनांचाही असाच अनुभव आला. पश्चिमेतली 31 इंजिने 1967 पर्यंत सेवेतून गेली. त्यांच्याही आधी 52 मालिकेच्या दोन इंजिनांवर हा प्रयोग झाला होता. प्रीहीटरमुळे त्यांचा ॲक्सलवरील भार इतका वाढला की त्यांना 52 ऐवजी 42 या अधिक जड युद्धकालीन मालिकेतला 42.90 हा वेगळाच क्रमांक द्यावा लागला. बचत करणारे यंत्र इंजिनाला जड करते आणि हलक्या मार्गांवरून बाहेर काढते, हे तिथेच दिसले होते. तरीही 31 इंजिने बदलण्याचा निर्णय घेतला गेला. पूर्वेच्या साध्या, टिकाऊ बॉयलरशी तुलना केली तर तो निर्णय समर्थनीय वाटत नाही, मग त्या काळच्या कोळशाच्या किमती कितीही पुढे केल्या तरी.

1968 साली पश्चिमेने संगणकासाठी क्रमांक बदलले तेव्हा गोंधळात आणखी भर पडली. मालिकेसाठी तीन आणि इंजिनासाठी तीन आकडे ठरल्याने चार आकडी अनुक्रमांक मावेनात. म्हणून 50 मालिका 050, 051, 052 आणि 053 अशी विभागली गेली. पूर्वीचे 50 2988 हे 052 988 झाले. 052 पाहून ते युद्धकालीन 52 असल्याचे समजणारे आजही भेटतात. तोवर पश्चिमेत 52 मालिका उरलीच नव्हती, त्यामुळे आकडा मोकळा होता; अर्थात एखाद्या 052 वर 52 चा बॉयलर असणे सहज शक्य होते. 042 ची गत तीच: तो 42 मालिकेचा नव्हे, तर 41 मालिकेच्या तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा क्रमांक होता.

पश्चिमेत बॉयलरइतकाच, किंबहुना रोजच्या कामात जास्त, उपयोगी पडलेला बदल टेंडरवर झाला. सातशेहून अधिक टेंडरांवर कोळशाची जागा थोडी कमी करून गार्डसाठी लहानशी केबिन बांधली गेली. त्यामुळे मालगाडीला गार्डचा वेगळा डबा जोडण्याची गरज राहिली नाही.

पश्चिमेत 50 मालिकेची सेवा 1977 साली संपली. पूर्वेत 50.35 ची इंजिने ऑक्टोबर 1988 पर्यंत हाल्बरश्टाट येथून चालत होती. 52 मालिका तोवर रशियापासून तुर्कस्तानापर्यंत पसरली होती: सोव्हिएत संघात टीई, पोलंडमध्ये टीवाय 2, चेकोस्लोव्हाकियात 555.0, युगोस्लाव्हियात 33. ऑस्ट्रियाने चौकटीच्या प्रकारानुसार तिचे 52 आणि 152 असे दोन भाग केले. 52 ची एकूण संख्या कुठे 6000 च्या पुढे, तर कुठे 7000 च्या पुढे दिली जाते, त्याचे मूळही या पसाऱ्यातच आहे. बेल्जियमने युद्धानंतर पूर्ण केलेली 100 इंजिने आणि पोलंडने बांधलेली टीवाय 42 ही इंजिने कोणी धरतात, कोणी धरत नाहीत.