चांदर (चंद्रपूर)

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील गाव व प्राचीन राजधानी. मडगावच्या पूर्वेस, कुशावती ऊर्फ पारोडे नदीच्या काठी वसलेले. स्थानिक उच्चार ‘चांदर’. ‘चांदोर’ हे रूप पोर्तुगीज लेखनातून रूढ झाले. चंद्रपूर हे जुने नाव जवळच्या चंद्रनाथ पर्वतावरील चंद्रेश्वरावरून पडले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नगरावरून देवाला नाव मिळाले असणेही अशक्य नाही, पण दैवत आधीचे असावे हाच तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. गावातील प्राचीन तटबंदीच्या परिसराला आजही ‘कोट’ म्हणतात. तट जवळजवळ नाहीसा झाला तरी शब्द टिकला आहे.

नगराचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणजे फोंडा तालुक्यातील शिरोडे येथे सापडलेला देवराजाचा ताम्रपट. अक्षरवटिकेवरून (अक्षरांच्या वळणावरून) तो साधारणपणे इ.स. चौथ्या शतकातील मानतात. त्यावर कालगणनेचे वर्ष नाही, केवळ राज्यवर्ष (राजाच्या कारकिर्दीचे वर्ष) आहे. त्यामुळे हा काळ अंदाजीच समजावा. ताम्रपट ‘चंद्रौर’ येथून दिला गेला असून ते म्हणजेच चांदर, याविषयी फारसा मतभेद नाही. वाद आहे तो राजाच्या कुळाचा. आरंभी ते नाव ‘गोमिन्’ असे वाचले गेले व त्यावरून गोमंतक या नावाची व्युत्पत्ती लावण्याचाही मोह काहींना झाला. पुढे ‘भोज’ असे वाचन सुचवले गेले. गोव्यात आणि उत्तर कानडा भागात सापडलेल्या भोजांच्या इतर ताम्रपटांशी ते जुळत असल्याने आता तेच ग्राह्य मानतात. भोजांनंतरच्या काही शतकांविषयी चांदरपुरती माहिती तुटपुंजी आहे.

अकराव्या शतकात गोव्याचे कदंब घराणे येथून राज्य करीत होते. पहिल्या जयकेशीच्या काळी, म्हणजे त्या शतकाच्या मध्यास, राजधानी जुवारी नदीच्या मुखाजवळील गोपकपट्टण (आजचे थोरले गोवे) येथे हलली, असे सामान्यतः मानतात. कुशावतीचे पात्र गाळाने भरत गेले हे एक कारण सांगितले जाते. सागरी व्यापाराची ओढ हे दुसरे, आणि ते अधिक वजनदार. इ.स. १०५९ च्या पणजी ताम्रपटात जयकेशीने ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या छड्डम नावाच्या अधिकाऱ्याला मशिदीच्या खर्चासाठी कर बसवण्याचा अधिकार दिल्याची नोंद आहे. परदेशी जहाजांच्या तांड्यांवर चालणारे बंदर नदीच्या आतल्या वळणावर राहू शकत नव्हते.

येथूनच ‘संदाबूर’चा प्रश्न उभा राहतो. दहाव्या शतकापासूनच्या अरब भूगोलकारांच्या लेखनात हे बंदर येते व ते नाव चंद्रपूरचाच अपभ्रंश आहे, असे ध्वनिसाम्यावरून म्हणता येते. मात्र चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता ज्या संदाबूरला गेला ते चांदरच काय, यावर एकमत नाही. त्याने वर्णिलेले संदाबूर बेट आहे. त्यात ३६ गावे आहेत. भोवतीच्या खाडीचे पाणी ओहोटीला गोडे आणि भरतीला खारे होते. बेटावर दोन नगरे आहेत, एक हिंदूंचे जुने व दुसरे मुसलमानांनी वसवलेले. होन्नावरच्या सुलतान जमालुद्दीनाने ५२ जहाजे घेऊन त्यावर हल्ला केला. संदाबूरच्या राजाचा मुलगा बापाशी भांडून जमालुद्दीनाला फितूर झाला होता. बेटावरील लोक राजवाड्यात शिरले तेव्हा वाड्याला आग लावून त्यांना बाहेर काढण्यात आले, असे इब्न बतूता लिहितो. हा प्रसंग सामान्यतः इ.स. १३४२ च्या सुमाराचा मानतात.

काही अभ्यासक हा जळालेला वाडा चांदरच्या कोटात शोधतात. परंतु ५२ जहाजांचा तांडा कुशावतीच्या अरुंद पात्रात चालून जाणे कठीण, आणि चांदर बेटही नाही. वर्णन तिसवाडी बेटाला, म्हणजे गोपकपट्टणच्या परिसराला, बरेच चांगले जुळते. (तिसवाडी नावातली तीस गावे आणि ३६ यांचा मेळ लागत नाही, हे मान्य करावे लागेल.) राजधानी हलली तरी खलाशांनी जुने नाव नव्या बंदराला चालू ठेवले असावे. राजाच्या उल्लेखाबाबत तर असे घडलेच आहे. गुजरातच्या कर्ण चौलुक्याची राणी मयणल्लदेवी ही जयकेशीची मुलगी. बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र ‘द्व्याश्रय’ काव्यात तिच्या बापाला चंद्रपूरचाच राजा म्हणतो. याच आधारावर चंद्रपूर राजधानी म्हणून टिकून होते असेही कोणी म्हणतात. ते मत अगदीच टाकाऊ नाही.

इ.स. १९२९ मध्ये इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांनी कोटात उत्खनन केले. त्यात विटांच्या मंदिराचा पाया व शीर तुटलेला नंदी मिळाला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही येथे खणले. राजवाडा, तट वा दरवाजा पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होते. गवत माजलेल्या चौथऱ्यावर नंदीचे धड, भोवती जांभा दगड, आणि पावसाळ्यानंतर पाऊलवाट शोधावी लागते. पतीच्या वधानंतर राणीने गावातील स्त्रियांना वैधव्याचा शाप दिल्याची दंतकथा येथे सांगतात.

कोटातील ‘मुसळखेळ’ मात्र जिवंत आहे. इंत्रुजाच्या (कार्निव्हल) सोमवारी रात्री येथील ख्रिस्ती चाड्डे (मूळचे क्षत्रिय मानले जाणारे) पुरुष हातात मुसळे घेऊन, ती जमिनीवर आपटत नाचतात व घरोघर फिरतात. गाण्यात विजयनगरच्या हरिहराने चोळांवर मिळवलेल्या विजयाची आठवण असल्याचे सांगितले जाते. चोळ घराणे तेराव्या शतकाच्या अखेरीसच संपले होते. तेव्हा गाण्यातला शत्रू कोण, हे नावावरून ठरवू नये.

गावातील देवळांची जागा आता चर्चच्या चौकाने घेतली आहे. बेतलेहेमच्या मातेचे चर्च, त्यासमोरचा मिनेझिस ब्रागांझा यांचा लांबलचक वाडा, आणि कोटातील फर्नांडिस घर ही मुख्य ठिकाणे. वसाहतविरोधी पत्रकार लुईस दि मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच गावचे. ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचा चर्चचा सण) भरते. राजांचे सोंग घेणारी मुले चांदर, कावोरी व गिरदोली या तीन गावांतून येतात. मडगाव–कुळे लोहमार्गावर चांदर स्थानक आहे.